आखाड्यावरच्या फोनवर चालेल अशी व्हिडिओची साइट: डिझाइन सुधारायचं कसं

परभणीत आम्ही दोघं मित्र तीन वर्षं झाली एक व्हिडिओची साइट चालवतोय. शेतीचे व्हिडिओ, कीर्तन, भारूड, थोडे मोटार-स्टार्टर दुरुस्तीचे, लोकच टाकतात आणि लोकच बघतात. पहिलं वर्षभर डिझाइन म्हणजे रंग, लोगो आणि होमपेज एवढंच धरून चाललो होतो. मग एकदा जिंतूर रोडला एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गेलो होतो, तिथं मामा बाजेवर बसलेले, त्यांना म्हटलं मामा आमची साइट बघा बरं जरा, तुमच्याच फोनवर.

फोन साधा, काचेला तडा, वर कडक ऊन. मामांनी लिंक दाबली. पांढरं पान. मग वर लोगो आला, मग मधी एक मोठी पट्टी आली आणि आपोआप सरकायला लागली. मामांनी सोयाबीनच्या व्हिडिओवर बोट नेलं तेवढ्यात वरनं जाहिरात उतरली, सगळं पान खाली सरकलं, बोट भलतीकडंच पडलं आणि कीर्तन उघडलं, त्यातही नुसतं गोल चक्र. मामा म्हणाले, "फिरायलंय नुसतं," नेट बंद केलं आणि फोन बंडीच्या खिशात ठेवून दिला. सगळं मिळून मिनिटभरही झालं नसेल. त्या मिनिटात आमच्या साइटचे जेवढे दोष कळले तेवढे वर्षभरात कळले नव्हते. तिथनं पुढं आम्ही काय काय बदललं ते इथं लिहितोय. तुमची साइट शेतीची नसू दे, क्लासची असू दे, कलापथकाची असू दे, ज्यांचे फोन असे आहेत आणि रेंज अशी आहे त्यांच्यासाठी बनवत असाल तर हे कामी येईल.

आधी शेजारी बसून बघा

कोडला हात लावायच्या आधी पाच माणसं शोधा. पाचच का, तर साइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांसोबत चाचणी केली तरी साइटच्या साधारण ८५ टक्के अडचणी वर येतात. आमचाही अनुभव तोच, सहाव्या माणसापासून तेच तेच दिसायला लागतं. पाच जण एकाच साच्यातले नकोत. एक साठीच्या पुढचे काका, एक शाळेतलं पोरगं, एक घरी फोन वापरणारी वहिनी, एक स्वतः व्हिडिओ टाकणारा, आणि एक जण असा ज्यानं तुमची साइट कधी बघितलीच नाही.

त्यांना काम द्या, "साइट कशी वाटली" असं विचारू नका. आपल्याकडं समोर बसलेल्या माणसाला कोणी वाईट म्हणत नाही, सगळे "छान आहे की" म्हणतात आणि तुम्ही खुश होऊन घरी येता. त्याऐवजी म्हणा, "काका, तुरीची शेंडे खुडणी कशी करायची तो व्हिडिओ काढा बरं." आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. बोट चुकीच्या जागी गेलं की आपला हात आपोआप पुढं होतो "इथं दाबा ना" म्हणून, तो आवरायचा. कुठं थांबले, कुठं दोनदा दाबलं, कुठं माघारी फिरले तेवढं वहीत लिहायचं.

फोन त्यांचाच पाहिजे आणि नेटही त्यांचंच. ऑफिसातल्या वायफायवर चालतंय याला काही अर्थ नाही. कॉम्प्युटरवर क्रोममधी नेट मुद्दाम हळू करायची सोय असते ती रोज वापराच, पण महिन्यातनं एकदा तरी प्रत्यक्ष रेंज नसलेल्या जागी जाऊन उभं राहा, कारण खरी रेंज नुसती हळू नसते, ती येते जाते, दोन मिनिटं भरपूर आणि मग एकदम काहीच नाही.

व्हिडिओ चालू झाला पाहिजे, बाकी सगळं नंतर

लोक तुमच्याकडं व्हिडिओ बघायला येतात. तो दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत चालू झाला तर बाकीच्या चुका लोक माफ करतात. तो फिरत राहिला तर कितीही सुंदर पान असू दे, गेले.

पहिली गोष्ट, एकच मोठी फाइल सगळ्यांना देऊ नका. आम्ही सुरवातीला तेच करत होतो, अपलोड करणाऱ्यानं जी १०८० ची (हा आकडा चित्राच्या स्पष्टतेचा, मोठा तेवढं चित्र स्पष्ट आणि फाइल जड) फाइल दिली तीच जशीच्या तशी. आता हिशोब बघा, १०८० चा व्हिडिओ साडेचार हजार केबीपीएसचा (केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो त्याचं माप) धरला तर १० मिनिटांना साधारण ३३७ एमबी जातात. ज्याचा रोजचा दीड जीबीचा पॅक आहे त्याचा जवळजवळ पाव कोटा एका व्हिडिओत संपला. तोच व्हिडिओ ३६० मधी ६०० केबीपीएसनं दिला तर ४५ एमबी. लहान स्क्रीनवर बोंडअळी ओळखायला ३६० पुरतं, कधीमधी जवळनं बघायचं असेल तर वाढवायची सोय ठेवा.

म्हणून प्रत्येक व्हिडिओचे चार दर्जे तयार करा, २४०, ३६०, ४८० आणि ७२०. एफएफएमपेग हे फुकटचं सॉफ्टवेअर हे सगळं करतं. मग प्रत्येक दर्जाचे चार ते सहा सेकंदांचे तुकडे पाडा आणि एचएलएस पद्धतीनं द्या. ॲपलनं २००९ मधी काढलेली ही पद्धत आहे, रेंज कमी झाली की प्लेअर पुढचा तुकडा आपोआप हलका घेतो, रेंज आली की भारी घेतो, व्हिडिओ थांबत नाही. ब्राउझरात चालवायला एचएलएस.जेएस किंवा व्हिडिओ.जेएस ही तयार सॉफ्टवेअरं घ्या, दोन्ही खुली आहेत. आणि सुरवात कायम ३६० नं करा. प्लेअरला मोकळं सोडलं तर कधी कधी तो पहिलाच तुकडा भारी घ्यायला बघतो आणि तिथंच चक्र सुरू होतं.

नवे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती, घ्यायचे का? एव्ही१ २०१८ मधी आला, तेवढ्याच दर्जाला फाइल बरीच लहान होते हे खरं. पण जुन्या फोनच्या चिपमधी त्याची सोय नाही, मग फोन तो सॉफ्टवेअरनं उलगडत बसतो, तापतो, बॅटरी उतरते. आम्ही एच.२६४ वरच राहिलो, ते २००३ चं आहे पण कुठल्याही फोनवर चालतं.

तुकडे पाडणं इतक्यात जमणार नसेल आणि साधी एमपी४ फाइलच द्यायची असेल, तर एफएफएमपेगमधी फास्टस्टार्टचा पर्याय तेवढा लावा. एमपी४ मधी व्हिडिओची सगळी माहिती असलेला भाग बऱ्याचदा फाइलच्या शेवटी असतो आणि तो हातात येईपर्यंत प्लेअरला व्हिडिओ सुरू करता येत नाही. फास्टस्टार्टनं तो भाग पुढं येतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि फरक लगेच दिसतो.

दुसरं, न विचारता काही चालू करू नका. आवाजासकट आपोआप चालणारा व्हिडिओ क्रोमनं २०१८ पासूनच बहुतेक ठिकाणी अडवलाय, पण आवाज बंद करून चालणारे तुकडे होमपेजवर अजून बरेच जण लावतात. लोकांचा डेटा आहे तो. मामा नेट काम झालं की बंद करतात, म्हणजे एक-एक एमबी मोजून चालतात. "पुढचा व्हिडिओ आपोआप" हेसुद्धा आम्ही मुळात बंदच ठेवलंय, ज्याला पाहिजे तो चालू करतो. यानं आमचे व्ह्यूज थोडे कमी झाले आणि ते आम्हाला मान्य आहे.

प्लेच्या बटणाखाली "१० मिनिटं, साधारण ४५ एमबी" असं लिहा. सगळ्यात जास्त लोकांनी आवडलं म्हणून सांगितलेला बदल हाच. दुकानात भाव लिहिलेला असला की माणूस निर्धास्त हात घालतो तसं आहे.

कीर्तनाचं वेगळं सांगतो. कीर्तन लोक बघतात कमी आणि ऐकतात जास्त, कापूस वेचता वेचता, स्वयंपाक करता करता. एक तासाचं कीर्तन ३६० मधी २७० एमबी होतं, नुसता आवाज ४८ केबीपीएसनं दिला तर २२ एमबीच्या आत बसतं. म्हणून "फक्त आवाज" असं बटण ठेवा आणि ते सेटिंगात लपवू नका, प्लेअरच्या खालीच मोठं ठेवा. आवाजाचं बटण दाबल्यावर मागं खरोखर ऑडिओची फाइल लावा, व्हिडिओ लपवून चालवू नका, कारण अँड्रॉइडच्या क्रोममधी स्क्रीन बंद केली की व्हिडिओ थांबतो पण ऑडिओ चालू राहतो. मीडिया सेशन नावाची सोय ब्राउझरात आहे ती जोडली की लॉक स्क्रीनवरच थांबवा-चालू करा येतं. हे केल्यापासून लोक कीर्तन शेवटपर्यंत ऐकायलेत.

प्लेअरची बटणं कमीत कमी ४८ पिक्सेल ठेवा. शेतातलं बोट जाड असतं, त्याला माती लागलेली असते. वेग बदलणं, सबटायटल, दर्जा ही तिन्ही एका गिअरच्या चिन्हाखाली कोंबू नका, आमच्या पाचपैकी चौघांना ते चिन्ह कशाचं आहे हेच माहीत नव्हतं. तिथं "दर्जा" असा शब्दच लिहिला, प्रश्न मिटला. अर्ध्यात सोडलेला व्हिडिओ परत उघडला की तिथनंच सुरू व्हावा, आणि हे लॉगिन न करताही व्हावं, फोनच्या ब्राउझरात जपून ठेवलं तरी भागतं. रेंज गेली तर नुसतं चक्र फिरवू नका, "रेंज गेली, आली की इथनंच सुरू होईल" असं लिहून दाखवा, लोक वाट बघतात, खरंच बघतात, फक्त काय चाललंय ते कळलं पाहिजे.

पान उड्या मारायला नको

मामांचं बोट चुकलं ते पान सरकल्यामुळं. यावरचा उपाय सोपा आहे, प्रत्येक चित्राला आणि जाहिरातीच्या खोक्याला लांबी-रुंदी आधीच देऊन ठेवायची म्हणजे जागा राखीव राहते. पान किती सरकतं याच्या मापाला गूगल सीएलएस म्हणतं आणि ते ०.१ च्या आत पाहिजे, पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसली पाहिजे, आणि बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी हललं पाहिजे. हे तीन आकडे फुकट तपासता येतात, गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समधी साइटचा पत्ता टाका.

सरकणारी पट्टी काढून टाका. त्या जागी "तुम्ही अर्धा बघितलेला" आणि त्याखाली "या आठवड्यातलं" एवढंच पुरे. थंबनेल, म्हणजे व्हिडिओचं छोटं चित्र, वेबपी या हलक्या प्रकारात द्या, दिसतं तेवढ्याच रुंदीचं, २० केबीच्या आसपास. स्क्रीनच्या खालची चित्रं खाली गेल्यावरच लोड होऊ द्या.

अक्षरं: मराठीची साइट मराठीसारखी दिसू द्या

हे मला फार जवळचं आहे. आम्ही सुरवातीला एक विकतचा टेम्प्लेट घेतला होता, इंग्रजीसाठी बनवलेला. त्यात मथळ्याच्या अक्षरांमधी थोडं अंतर सोडलेलं होतं, लेटर-स्पेसिंग. इंग्रजीत ते चांगलं दिसतं. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते, "सोयाबीन" चं सो-या-बी-न असं चार तुकडे होऊन दिसतं. एका रिटायर गुरुजींनी फोन डोळ्यांजवळ नेऊन विचारलं होतं, "हे असं फाटल्यावानी काहून दिसायलंय?" तोपर्यंत आम्हाला ते दिसलंच नव्हतं. देवनागरीला लेटर-स्पेसिंग कायम शून्य.

दुसरं, ओळींमधलं अंतर. इंग्रजीच्या हिशोबानं अक्षराच्या १.२ पट ठेवलं की वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार कापले जातात, खास करून जिथं दोन ओळींनंतर मजकूर तोडलेला असतो तिथं. "कीर्तन" चा रफार गेला की "कीतन" राहतं. १.६ ठेवा. आणि शीर्षकाला दोन ओळी द्या, एक नाही, मराठी शब्द लांब असतात आणि "सोयाबीनवरील येलो मोझॅक कसा ओळखा..." एवढ्यावर तोडलं तर वाचणाऱ्याला ओळखायचा आहे का घालवायचा आहे ते कळत नाही.

फॉन्ट "मुक्त" (Mukta) नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि लहान आकारात स्पष्ट वाचता येतात. अँड्रॉइड फोनमधी बहुतेक वेळा नोटोचं देवनागरी असतंच, मग फोनमधला फॉन्ट वापरला तर डाउनलोडही वाचतं. वेगळा लावायचाच असेल तर साधा आणि ठळक, एवढेच दोन. आकार १६ पिक्सेलच्या खाली नको. करड्या रंगात करड्या पाटीवर लिहायची फॅशन आहे ती आपल्या उन्हात वाचताच येत नाही, रंगातला फरक निदान ४.५ ला १ पाहिजे, आम्ही ७ च्या वर ठेवतो.

बटणावरचे शब्द बोलीतले ठेवा. "सदस्यता घ्या", "सामायिक करा" असं कोणी बोलत नाही. "पाठवा", "जपून ठेवा", "परत बघा". "अपलोड" मात्र अपलोडच ठेवा, त्याचं "आरोहण" वगैरे करायला जाऊ नका.

शोध: माणूस जसं बोलतो तसं सापडलं पाहिजे

एवढं करूनही लोक म्हणायचे, तुमच्याकडं काही सापडतच नाही. व्हिडिओ होते. शोध नीट नव्हता.

कापसाचं बघा. व्हिडिओ टाकणाऱ्यानं शीर्षक दिलं "कापूस: गुलाबी बोंडअळीचे व्यवस्थापन". शोधणारा लिहितो "पऱ्हाटी आळी". दोन्हीत एकही शब्द जुळत नाही. आणि पऱ्हाटीतला "ऱ्हा" कीबोर्डप्रमाणं दोन-तीन तऱ्हेनं टाइप होतो, डोळ्यांना सारखा दिसतो पण कॉम्प्युटरला वेगळा. म्हणून शोधायच्या आधी दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच साच्यात आणा: युनिकोडचं (कॉम्प्युटरला अक्षरं कळायच्या आकड्यांचं) एकसारखं रूप करा, न दिसणारे जोडणारे चिन्ह काढा, ऱ आणि र एक धरा, ऱ्हस्व-दीर्घ एक धरा म्हणजे कापुस लिहा नाहीतर कापूस, सापडतंच. ण आणि न, ळ आणि ल हेही शोधापुरते एक धरले तर आमच्याकडं उपयोग झाला.

मग समानार्थी शब्दांची यादी करा. ही कोणी तयार देत नाही, आपणच बसून करायची. कापूस-कापशी-पऱ्हाटी, ज्वारी-जवारी-जोंधळा, हरभरा-हरबरा-चना, ट्रान्सफॉर्मर-डीपी, तूर-तुरी. इंग्रजी अक्षरांत लिहिणारे भरपूर आहेत, तेही याच यादीत जोडा, म्हणजे इंग्रजी अक्षरांतला कापूससुद्धा त्याच व्हिडिओवर यावा. गावांची नावंही आलीच, २०२३ मधी औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण शोधणारे दोन्ही लिहितात आणि दोन्हींना तेच व्हिडिओ दिसले पाहिजेत.

वाणांचे आकडे हा आणखी एक घोळ. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राची तूर बीडीएन ७११, कोणी मधी रेघ देतं, कोणी जोडून लिहितं, कोणी मराठी आकडा, कोणी इंग्रजी, आणि बरेच जण नुसतं "सातशे अकरा तूर". आकडे आणि रेघा एकसारख्या करून घेतल्या की यातलं बहुतेक सुटतं, अक्षरी आकड्यांची छोटी यादी वेगळी करावी लागते.

टाइप करणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी माइकचं बटण. ब्राउझरातली आवाज ओळखायची सोय वापरता येते, भाषा मराठी-भारत अशी लावा नाहीतर ती हिंदी समजून भलतंच लिहिते. मानवतच्या मोंढ्यात एका वहिनींनी पहिल्यांदा बोलून शोधलं, फोन तोंडाजवळ धरून हळूच म्हणाल्या "मिरचीवरचा चुरडा मुरडा", व्हिडिओ आला तसा त्यांनी फोन मागं वळून सोबतच्या काकूंना दाखवला. माइकच्या चिन्हाखाली "बोला" असं लिहून ठेवा.

आणि काहीच सापडलं नाही तर "निकाल उपलब्ध नाहीत" असं कोरडं पान दाखवू नका. जवळचं काय आहे ते दाखवा, आणि "याच्यावर व्हिडिओ पाहिजे" असं बटण द्या. काय शोधलं आणि काही सापडलं नाही याची नोंद दर सोमवारी आम्ही दोघं बसून वाचतो. पुढचा व्हिडिओ कशावर टाकायला सांगायचा तेही तिथनंच कळतं, समानार्थी यादीही तिथनंच वाढते.

लिंक आणि लॉगिन

आपल्याकडं माणूस होमपेजवरनं कमी येतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधनं जास्त येतो. तेव्हा व्हिडिओचं पान हेच खरं दार. लिंक पाठवल्यावर चित्र आणि शीर्षक दिसलं पाहिजे, त्यासाठी ओपन ग्राफचे टॅग, म्हणजे चित्र-शीर्षक कोणतं ते सांगणाऱ्या कोडच्या ओळी, सर्व्हरकडनं आलेल्या पानातच असावे लागतात, जावास्क्रिप्टनं नंतर भरले तर व्हॉट्सॲपला दिसत नाहीत. चित्र हलकं ठेवा. "इथपासून पाठवा" अशी सोय द्या, २० मिनिटांच्या व्हिडिओतलं औषधाचं प्रमाण सांगितलेलं अर्धं मिनिटच भावाला पाठवायचं असतं. त्याच कारणानं लांब व्हिडिओंना टप्पे पाडून वेळा लिहा, ओळख, लक्षणं, उपाय, खर्च.

लिंक उघडल्या उघडल्या "ॲप घ्या", "लॉगिन करा", "सूचना चालू करा" अशी तीन खोकी समोर टाकू नका. बघायला लॉगिन नकोच. व्हिडिओ टाकायला आणि कॉमेंट करायला मोबाइल नंबर आणि ओटीपी पुरे, पासवर्ड कोणाच्या लक्षात राहत नाही. ओटीपीच्या खोक्यावर आकड्यांचाच कीबोर्ड उघडावा आणि मेसेजमधनं तो आपोआप भरला जावा, हे दोन्ही ब्राउझर करू देतो. कीबोर्ड उघडल्यावर "पुढं" चं बटण त्याच्या मागं झाकत नाही ना तेवढं लहान फोनवर बघा, आमचं झाकत होतं.

व्हिडिओ टाकणाऱ्याचंही बघा

बघणाऱ्यांचं सगळे करतात, टाकणाऱ्यांकडं कोणी बघत नाही. आमच्या इथं एक भारूड करणारे बुवा आहेत, एकनाथ महाराजांची भारुडं फार सुंदर करतात. ३०० एमबीचा व्हिडिओ टाकायला बसले, ८० टक्के झाल्यावर लाईट गेली, त्यासोबत वायफाय गेलं, आणि आमच्या साइटनं परत शून्यापासून सुरू करायला लावलं. तीनदा असं झालं. चौथ्यांदा त्यांनी टाकलंच नाही.

यावर उपाय म्हणजे तुटलं तिथनंच पुढं जाणारं अपलोड. टस नावाचा खुला प्रोटोकॉल आहे, फाइलचे तुकडे करून पाठवतो, पाच एमबीचा एक तुकडा धरला तर जास्तीत जास्त पाच एमबी वाया जातात. पान बंद झालं, फोन बंद झाला, दुसऱ्या दिवशी तीच फाइल निवडली तरी उरलेलं तेवढंच जातं. हे बसवल्यावर बुवांना स्वतः जाऊन सांगितलं.

फॉर्ममधी शीर्षक, विषय आणि जिल्हा, बस. वर्णन, टॅग, भाषा, परवाना हे सगळं व्हिडिओ जात असताना किंवा नंतर भरू द्या. किती गेला, किती राहिला, मग "तयार करतोय", मग "आता दिसतोय", असं साध्या शब्दांत सांगा आणि झाल्यावर मेसेज पाठवा. उभा व्हिडिओ आला तर उभाच दाखवा, दोन्हीकडं काळ्या पट्ट्या लावून त्याचा लहान चौकोन करू नका. सबटायटल ज्यांना जमतात त्यांना वेबव्हीटीटी या सबटायटलच्या प्रकारातली फाइल टाकू द्या, ऐकू कमी येणारे आणि बसमधी आवाज बंद ठेवून बघणारे दोघांनाही लागतं.

तारीख मोठी लिहा

शेतीच्या व्हिडिओत हे फार महत्त्वाचं आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं गोगलगायींनी सोयाबीनची रोपं खाल्ली, तेव्हाचे व्हिडिओ अजून फिरतात. उपाय काही तेच असतील काही बदलले असतील, औषधांची परवानगी बदलते, भाव तर बदलतोच. "३ वर्षांपूर्वी" असं बारीक करड्या अक्षरात लिहिलेलं कोणी वाचत नाही. शीर्षकाच्या खालीच "खरीप २०२२, लातूर जिल्हा" असं ठळक लिहा. जुना व्हिडिओ उघडला तर वर एक ओळ, "हा जुना आहे, फवारायच्या आधी कृषी अधिकाऱ्याला विचारा", आणि त्याच विषयावरचा नवा असेल तर तो शेजारी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी सांगितलेलं असेल तर तसं वेगळं दिसू द्या, गावातल्या अनुभवी माणसानं सांगितलेलं वेगळं दिसू द्या, दोन्हीला किंमत आहे पण बघणाऱ्याला कोण बोलतंय ते कळलं पाहिजे.

चुकीच्या व्हिडिओची तक्रार करायचं बटण व्हिडिओच्या खालीच, तीन ठिपक्यांत लपवलेलं नको. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणं तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, तो मराठीत द्या आणि तक्रार करणाऱ्याला पुढं काय झालं ते कळवा.

मोजायचं काय

व्ह्यूज मोजून डिझाइन सुधारत नाही. आम्ही चार गोष्टी बघतो: प्ले दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत किती सेकंद, बघताना किती वेळा अडकला, शोधल्यावर किती जणांनी काहीतरी उघडलं, आणि सुरू केलेलं अपलोड किती जणांचं पूर्ण झालं. सरासरी काढू नका, सरासरीत शहरातले चांगले फोन वाईट फोनांना झाकून टाकतात. सगळ्यात हळू चालणाऱ्या दहा टक्के लोकांचा आकडा वेगळा काढा आणि तोच भिंतीवर लावा. एका वेळी एकच बदल करा, पंधरा दिवस बघा, मग पुढचा, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.

सगळं एकदम करायला पैसे नि वेळ नसेल तर या क्रमानं जा: फास्टस्टार्ट आणि ३६० ची फाइल, मग चित्रांच्या लांबी-रुंदी, मग लेटर-स्पेसिंग आणि ओळींचं अंतर, हे तीन एका शनिवार-रविवारी होतं. त्यानंतर शोधाची यादी, ती रोज दहा शब्दांनी वाढवली तरी चालेल. एचएलएस आणि अपलोडचं काम मोठं आहे, त्याला महिना धरा. मधल्या काळात परत एकदा त्याच पाच जणांकडं जा. मी मागच्या सुगीत मामांकडं गेलो होतो, त्यांनी बोलून "हरबरा घाटेआळी" शोधलं, लागलं, सहा मिनिटं बघितलं आणि मधीच थांबवून विचारलं की हे औषधाचं नाव सांगतात तेवढं खाली लिहून येईल का, दुकानात दाखवायला. ते आता बनवायला घेतलंय.